वाचकांचे प्रश्न : दोनोस्तियाच्या जुन्या वस्तीत एक दिवस

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त स्पेनमधील बिल्बाओ येथे राहते. येत्या सप्टेंबरात आम्ही उभयता व माझ्या सासूबाई तिच्याकडे जाणार आहोत. जवळच्या दोनोस्तिया, म्हणजेच सान सेबास्तियान, या शहराची जुनी वस्ती आम्ही पाहावी असे तिला वाटते. परंतु तिथे जाऊन आलेले आमचे एक परिचित म्हणतात, की ती वस्ती १८१३ मध्ये जळून गेली आणि आज दिसते ते सगळे नंतरचे बांधकाम आहे. तसे असेल तर तिथे ऐतिहासिक म्हणून काय पाहायचे? आमच्याजवळ एकच दिवस आहे आणि सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत.
— एक वाचक भगिनी, देवगड

उत्तर : आपल्या परिचितांनी दिलेली माहिती बरोबर आहे, तिच्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

१८१३ च्या उन्हाळ्यात हे शहर नेपोलियनच्या फौजेच्या ताब्यात होते आणि इंग्रज व पोर्तुगीज सैन्याने त्याला वेढा घातला होता. या दोस्त सैन्याचा सरसेनापती होता वेलिंग्टन, म्हणजे १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्लीच. वेढ्याची प्रत्यक्ष जबाबदारी टॉमस ग्रॅहॅम या सेनाधिकाऱ्याकडे होती. ३१ ऑगस्ट रोजी तटाला पडलेल्या खिंडारातून सैन्य आत घुसले, आणि ज्या रहिवाशांची फ्रेंचांपासून सुटका करायची म्हणून ते आले होते त्यांचीच घरे लुटली गेली, बायामाणसांवर अत्याचार झाले आणि पेटलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. उर्गुल टेकडीच्या पायथ्याचा एक रस्ता आणि त्याच्या दोन टोकांची दोन चर्चे एवढेच काय ते वाचले. याच्या आदल्याच वर्षी, १८१२ मध्ये, मालवण व सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेले होते. आपल्या किनाऱ्याने इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांचीही गलबते पाहिलेली आहेत, त्यामुळे ही हकीकत मला कधीच परमुलखातली वाटली नाही.

यापुढचा भाग आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ८ सप्टेंबर रोजी उर्गुलवरच्या किल्ल्यातील फ्रेंच शिबंदीने शरणागती पत्करली. त्याच दिवशी शहराबाहेर सुबिएता या गावी काही रहिवासी एका घरात जमले आणि आपले शहर होते तिथेच पुन्हा उभे करायचे, असा ठराव त्यांनी केला. पेद्रो मानुएल दे उगार्तेमेंदिया या वास्तुविशारदाने नव्या शहराचा आराखडा काढला. मधोमध अष्टकोनी चौक आणि तिथून फाकत जाणारे रस्ते अशी त्याची मूळ कल्पना होती. ती डौलदार होती, परंतु घरमालकांनी ती मान्य केली नाही, कारण प्रत्येकाला आपापली जागा जिथल्या तिथे हवी होती. अखेरीस रस्ते थोडे सरळ झाले, दर्शनी भिंती एकसारख्या झाल्या, पण वस्तीची ठेवण बरीचशी पूर्वीचीच राहिली.

आपल्याकडे जुने घर पावसाने बसले तरी चिऱ्याचे जोते शाबूत असते, आणि नवे घर शक्यतो त्याच जोत्यावर उभे करायचे असा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो. भिंती कालच्या असल्या तरी त्या घराला आपण 'नवे घर' म्हणत नाही; ते अमक्यांचे पूर्वापार घरच असते. दोनोस्तियाच्या जुन्या वस्तीकडे याच नजरेने पाहावे, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. केवळ शिल्पे आणि कमानी मोजायला गेल्यास आपले परिचित निराश झाले तसेच आपणही व्हाल.

बिल्बाओहून दोनोस्तिया सुमारे शंभर किलोमीटर आहे आणि बसने साधारण सव्वा तास लागतो. अरुंद रुळांची रेल्वेही आहे, ती रमतगमत अडीच तासांहून अधिक वेळ घेते. एकाच दिवसासाठी बसच बरी. बसस्थानक उरुमेआ नदीकाठी आहे. तिथून नदीच्या कडेने समुद्राच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर झाडांची रांग असलेला रुंद बुलेव्हार लागतो. हा बुलेव्हार म्हणजे जुन्या तटाची जागा होय. १८६३ पासून तट पाडायला सुरुवात झाली. शेजारच्या मंडईचे नाव 'ब्रेचा' आहे आणि त्याचा अर्थच खिंडार असा होतो. शत्रूने तट फोडल्याची जागा लोकांनी बाजाराच्या नावात जपून ठेवली आहे.

शक्यतो सकाळी नऊच्या आत तिथे पोहोचावे. पहिल्या खेपेस मी भर दुपारी गेलो होतो. गर्दीच्या पाठी आणि खुर्च्यांच्या रांगा यांपलीकडे मला काहीही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो तेव्हा रस्ते नुकतेच धुतलेले होते, एक आजीबाई पावाची लांब लादी काखेत धरून जिना चढत होत्या आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी वाळत घातलेले कपडे उलटवत होते. ही माणसांची राहती वस्ती आहे, हे मला तेव्हा उमगले.

कोन्स्तितुसिओन चौकात कमानींखाली उभे राहून समोरच्या सज्जांकडे वर पाहावे. प्रत्येक सज्जाच्या दाराच्या डोक्यावर एक आकडा रंगवलेला आहे. पूर्वी याच चौकात बैलांचे खेळ होत आणि हे सज्जे प्रेक्षकांना भाड्याने दिले जात. आकडे म्हणजे त्यांच्या जागांचे क्रमांक. खेळ कधीच बंद झाले, घरांत आज कुटुंबे राहतात, आणि तरीही प्रत्येक वेळी रंगकाम करताना तो आकडा पुन्हा काढला जातो. सासूबाईंना हा चौक नक्की दाखवा. बसायला जागा आहे आणि पाहण्यासारखे सगळे डोळ्यांसमोर आहे.

तिथून उर्गुलच्या पायथ्याचा तो वाचलेला रस्ता जवळच आहे. त्याचे नाव आज '३१ ऑगस्ट' असे आहे. एका टोकाला सांता मारिया हे अठराव्या शतकातले, कोरीव दर्शनी भागाचे देवालय आहे, तर दुसऱ्या टोकाला त्याहून जुने, सोळाव्या शतकातले सान विसेंते. मला स्वतःला सान विसेंतेची साधी, जाड, पावसाने काळवंडलेली भिंत अधिक आवडते. दरवर्षी ३१ ऑगस्टच्या रात्री या रस्त्यावरचे दिवे मालवून सज्जांत मेणबत्त्या लावतात. आपण सप्टेंबरात जाणार असल्याने ते दृश्य दिसणार नाही, पण रस्त्याचे नाव वाचताना ते मनात असू द्या. सान विसेंतेजवळच सान तेल्मो हे संग्रहालय जुन्या मठात आहे. सोमवारी ते बंद असते. गुडघे साथ देत असतील तर उर्गुलवर जावे, अन्यथा वगळले तरी चालेल.

आता खाण्याविषयी. इथे दुपारी व संध्याकाळी लोक एका जागी बसून पोटभर जेवण्याऐवजी एका दुकानात एखाद-दुसरा 'पिंचो' खातात आणि पुढच्या दुकानात जातात. पिंचो म्हणजे पावाच्या तुकड्यावर किंवा काडीवर रचलेला घास. त्यातला सर्वांत प्रसिद्ध 'गिल्डा' अगदी साधा आहे : एका काडीला ऑलिव्ह, मुरवलेली बारीक हिरवी मिरची आणि खारवलेल्या अँचोवीची घडी टोचलेली असते. अँचोवी हा मासा आपल्या मांदेलीच्याच कुळातला आहे, आणि तो खारटपणा, आंबटपणा व तिखटाचा हलका चटका एकदम जिभेवर आला तेव्हा मला घरच्या खाऱ्याची आठवण झाली. फळीवर मांडलेले पदार्थ जरूर पाहा, पण गरम पदार्थ पाटीवर लिहिलेले असतात आणि ते मागितल्यावर करून देतात. बऱ्याचदा तेच अधिक चांगले असतात. काय काय घेतले ते शेवटी आपण सांगायचे व पैसे द्यायचे, असा विश्वासाचा व्यवहार पुष्कळ ठिकाणी असतो.

सासूबाईंसाठी थोडी काळजी घ्यावी लागेल. केवळ 'मांस नको' म्हटल्याने भागत नाही, कारण सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे, म्हणजे हामोन, भाजीतही पडतात आणि पुष्कळांच्या लेखी ते वेगळेच असते. म्हणून 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन', म्हणजे मांस, मासा व हामोनशिवाय, असे तिन्ही शब्द स्पष्ट म्हणावेत. बटाट्याच्या जाड 'तोर्तिया'त अंडे असतेच. इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचे चीज उत्तम असते, परंतु ते विरजताना कोकराच्या पोटातील विरजण वापरतात. सासूबाईंना ते चालणार नसेल तर आधीच टाळावे. तळलेल्या हिरव्या मिरच्या, परतलेली अळिंबी, टोमॅटो आणि पाव यांवर एक वेळ व्यवस्थित निभावते. दुपारचे जेवण दीडच्या आधी आणि रात्रीचे साडेआठच्या आधी सहसा मिळत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी पिशवीत घरचे काही असू द्यावे. मद्य न घेणाऱ्यांनी 'मोस्तो', म्हणजे द्राक्षाचा रस, मागावा.

एक सूचना राहिली. सप्टेंबरच्या उत्तरार्धात शहरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो; रात्री मुक्काम करायचा विचार झाल्यास खोली फार आधी ठरवावी.

प्रश्न : तिथे जाण्यासाठी स्पॅनिश शिकणे पुरेसे आहे का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : व्यवहारापुरते पुरेसे आहे. परंतु तिथल्या बास्क लोकांची स्वतःची भाषा 'एउस्कारा' ही आहे आणि तिचे जगातल्या कोणत्याही हयात भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. जुन्या वस्तीला ते 'आल्दे साआरा' म्हणतात. 'साआर' म्हणजे जुने. भेटल्यावर 'काइशो', निघताना 'आगुर' आणि आभारासाठी 'एस्केरिक आस्को', एवढे तीन शब्द पाठ करून जावेत. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत ही भाषा सार्वजनिक जीवनातून दडपली गेली होती, त्यामुळे परदेशी पाहुण्याच्या तोंडून तिचा एक शब्द ऐकल्यावर दुकानदाराच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो मी विसरू शकत नाही.

प्रश्न : आमचा मासेमारीचा पिढीजात व्यवसाय आहे. दोनोस्तियाच्या जुन्या वस्तीला लागूनच बंदर असल्याचे वाचले. तिथे अजून मासेमारी चालते का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : बंदर आहे, पण लहान, आता मोठ्या होड्या गेतारिया, ओंदारिबिया व पासाया या जवळच्या बंदरांतून जातात. हर्णैच्या लिलावाची गजबज डोळ्यांपुढे ठेवून गेल्यास आपली निराशा होईल. बंदराच्या टोकाला असलेल्या मत्स्यालयात मात्र अवश्य जावे. तिथे १८७८ मध्ये याच किनाऱ्याजवळ मारलेल्या देवमाशाचा संपूर्ण सांगाडा टांगलेला आहे. बास्क खलाशी देवमाशामागे थेट कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत जात असत, ही गोष्ट त्या सांगाड्याखाली उभे राहिल्यावर खरी वाटू लागते.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. या किनाऱ्याचा जीव असलेला अँचोवी मासा बिस्केच्या उपसागरात इतका घटला, की २००५ मध्ये त्याची मासेमारी बंद करावी लागली आणि ती २०१० मध्येच पुन्हा सुरू झाली. आपल्याकडच्या पावसाळी बंदीसारखे ते दोन महिन्यांचे काम नव्हते. हंगामामागून हंगाम होड्यांना हा मासा धरता आला नाही. मासा परत आला. उन्हाळ्यात येणारा 'बोनितो', म्हणजे आपल्या कुप्याच्या जातकुळीतला मासा, तिथले बरेच कोळी आजही जाळ्याऐवजी गळाने एकेक करून धरतात.

जमल्यास सप्टेंबरच्या पहिल्या दोन रविवारांपैकी एक गाठा. त्या दिवशी शहरालगतच्या कोन्चाच्या उपसागरात 'त्राइनेरा' नावाच्या लांब होड्यांची शर्यत असते. एका होडीत तेरा वल्हेकरी आणि सुकाणूवर एक तांडेल. पूर्वी मासळी घेऊन सर्वांच्या आधी बंदर गाठणाऱ्या होडीला भाव चांगला मिळे, त्या धावपळीतून हा खेळ आला, आणि १८७९ पासून ही शर्यत होत आहे. गावोगावचे लोक आपापल्या होडीच्या रंगाचे कपडे घालून येतात आणि जुन्या वस्तीतले रस्ते सकाळपासून भरून जातात. शर्यत पाहायला उर्गुलचा उतार सर्वांत चांगला. तिथे जागा मिळवायची असेल तर दोन तास आधी जाऊन बसावे.