देव संकल्प करतो का?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या मजल्यावर एक ख्रिस्ती काकू राहतात. त्यांच्या मुलाची नोकरी गेली म्हणून भेटायला गेले, तर त्या म्हणाल्या, 'असू दे गं, देवाचा काहीतरी संकल्प असेल.' मला हे खटकलं. संकल्प माणूस करतो, पूजेआधी पाणी सोडून, नाहीतर १ जानेवारीला. देव कसला संकल्प करणार? हे भाषांतरातून आलेलं चुकीचं मराठी आहे का? 'देवाची योजना' किंवा 'देवाचा हेतू' म्हणायला हवं होतं का?"

काकूंचं मराठी चोख आहे, हे आधीच सांगून टाकते. मी नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढले, शब्बाथशाळेत (चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात) वचनं पाठ करून बक्षिसाची पेन्सिल मिळवलेली आहे, त्यामुळे हा शब्द माझ्या कानाला घरचाच. पण नुसतं घरचा आहे म्हणून तो बरोबर ठरत नाही, तेव्हा जरा खोलात जाऊ.

संकल्प, विकल्प, कल्पना ही एकाच घरची भावंडं. मूळ धातू 'कॢप्': जुळून येणे, आकार घेणे. तुमच्या डोळ्यांसमोर पूजेतला संकल्प आहे. यजमान पळीभर पाणी तळहातावर घेतो, देश, काळ, नाव, गोत्र उच्चारतो, अमुक कर्म 'करिष्ये' म्हणतो आणि पाणी ताम्हनात सोडतो. तो या शब्दाचा एक उपयोग झाला, अख्खा अर्थ नव्हे. मनात ठरवून टाकलेली गोष्ट म्हणजे संकल्प. कोणी ठरवली याचं बंधन शब्दात नाही. सरकारही दरवर्षी अर्थसंकल्प मांडतंच. आणि देवाकडे संकल्प असणं ही कल्पना ख्रिस्ती लोकांनी इथे आणलेली नाही. छांदोग्य उपनिषदात आत्म्याला 'सत्यसंकल्प' म्हटलं आहे, म्हणजे ज्याने ठरवलं की ते खरं होतं असा. पुढे ते ईश्वराचं विशेषणच होऊन बसलं. तेव्हा 'देव कसला संकल्प करणार' या शंकेचं उत्तर आपल्याच जुन्या पोथ्यांत आहे.

आता काकूंनी तो कुठून उचलला ते. बहुतेक बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातून, २९:११ मधून. ख्रिस्ती घरांत हे वचन कॅलेंडरवर असतं, घड्याळावर असतं, लग्नात भेट आलेल्या फ्रेममध्ये असतं. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, परमेश्वर तिथे म्हणतो की तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हे 'हिताचे, अनिष्टाचे नाहीत' मुद्दाम का सांगावं लागलं? कारण संकल्प हा शब्द स्वतः ना बरा ना वाईट. रामदासांनी मनाच्या श्लोकांत पापसंकल्प सोडायला आणि सत्यसंकल्प जिवी धरायला सांगितलंय ते त्याचसाठी. कुणाच्या मनात आपल्याविषयी काहीतरी ठरलेलं आहे, एवढ्यावर माणूस निर्धास्त होत नाही. कधीकधी उलट घाबरतो. काय ठरलंय ते कळलं की मग जिवात जीव येतो.

मूळ हिब्रूत इथे 'मखशावोत' असा अनेकवचनी शब्द आहे, 'खाशाव' या क्रियापदावरून आलेला. विचार करणे, हिशेब मांडणे, आखणे असे त्याचे अर्थ. याच क्रियापदावरून 'खोशेव' होतो, आणि निर्गमच्या पुस्तकात निवासमंडपाचे, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूचे, पडदे विणले जातात ते या खोशेवच्या, म्हणजे कसबी विणकराच्या हातच्या कामाने. मला हे फार आवडतं. योसेफाच्या गोष्टीतही हेच क्रियापद दोनदा येतं. भावांनी त्याला वीस रुप्याच्या नाण्यांना विकलं, वर्षं गेली, मिसरात (इजिप्तमध्ये) दुष्काळातलं धान्य त्याच्याच हाताखाली आलं, आणि शेवटी तो भावांना सांगतो की तुम्ही माझं वाईट योजलंत, देवाने त्यातच चांगलं योजलं. भावांच्या कटालाही 'खाशाव', देवाच्या मनातल्यालाही 'खाशाव'. 

आणखी एक गंमत. यशया ५५ मध्ये देव म्हणतो की तुमचे मार्ग माझे मार्ग नव्हेत. त्याच्याच जोडीला 'मखशावोत' परत येतो. तिथे मराठीत 'कल्पना' आहे. म्हणजे एका हिब्रू शब्दाला मराठीने एकदा 'संकल्प' दिला, एकदा 'कल्पना', आणि हे दोन्ही एकाच धातूचे. हे जाणून केलं की ओघात घडलं ते मी सांगू शकत नाही, पण जमून आलंय झकास. (फक्त 'संकल्पना' यात ओढू नका. एका तरुण मंडळाच्या सभेत एकाने मोठ्या तळमळीने प्रार्थना केली, "प्रभू, माझ्या आयुष्याविषयी तुझी संकल्पना मला कळू दे." आमेन म्हणताना मला हसू आवरेना.)

नव्या करारात रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल देवाच्या संकल्पाप्रमाणे बोलावलेल्यांविषयी लिहितो, तिथला ग्रीक शब्द 'प्रोथेसिस'. शब्दशः 'पुढे मांडून ठेवणे'. मंदिरात देवापुढे मांडून ठेवायच्या ज्या भाकरी, ज्यांना मराठीत 'समर्पित भाकरी' म्हणतात, त्यांच्या ग्रीक नावातही हाच शब्द आहे. त्याची ही छटा मराठी 'संकल्पा'त उतरत नाही, हे कबूल. पण 'योजने'त तरी कुठे उतरते?

योजनेबद्दल माझं मत जरा तिखट आहे. शब्द म्हणून तिच्यात काही खोट नाही. 'युज्' म्हणजे जोडणे. निरुपयोगी असं अक्षर नाही, मुळी नाही, माणूस नाही, दुर्मिळ असतो तो जोडून देणारा, 'योजकस्तत्र दुर्लभः', हे सुभाषित आठवलं तर देवाला योजक म्हणणं सुंदरच वाटेल. पण शब्द माणसांत वावरतो आणि वावरताना धूळ खातो. पंचवार्षिक योजना, रोजगार हमी योजना, विमा योजना, नळपाणी योजना, आणि २०२४ पासून लाडकी बहीण योजना. आज मराठी माणसाला 'योजना' म्हटलं की पात्रता, कागदपत्रं, शेवटची तारीख आणि पुढचा हप्ता आठवतो. "तुझ्यासाठी देवाची एक खास योजना आहे" हे वाक्य माझ्या कानाला एजंटने दारात उभं राहून म्हटल्यासारखं लागतं. तरुण प्रचारकांच्या तोंडी हेच जास्त ऐकते, आणि त्यात मला इंग्रजीतल्या 'प्लॅन'चं वजन जाणवतं. प्लॅनमध्ये नकाशा असतो, टप्पे असतात, मग ऐकणारा साहजिकच विचारतो की माझा टप्पा कुठला? संकल्पात असा कुठला नकाशा नसतो. ठरवणाऱ्याच्या मनात ठरलेलं आहे, बस्स.

यिर्मयाचं ते वचन कुठल्या पत्रातलं आहे हे पाहिलं तर माझं म्हणणं पटेल. यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना त्याने ते धाडलं होतं. हनन्या नावाचा एक संदेष्टा तेव्हा सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं लागतील. तोवर तिथेच घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा. आणि मग 'संकल्प'. दोन वर्षांची योजना सांगणारा हनन्या होता! घड्याळावर नेमकं अकरावं वचन छापतात, सत्तर वर्षांचं दहावं छापत नाहीत.

'हेतू' चालेल, पण जपून. रोजच्या मराठीत हेतू संशयाच्या जागी येतो: "त्याचा हेतू काय होता?", "हेतुपुरस्सर केलं". 'मर्जी' नकोच, ती राखावी लागते, ती खप्पा होते, ती दरबारातली. 'उद्देश' सरकारी परिपत्रकात बरा.

राहिली 'इच्छा'. प्रभूच्या प्रार्थनेत हाच शब्द आहे, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. ज्या मराठी ख्रिस्ती माणसाला दुसरं काही पाठ नसेल त्यालाही हे पाठ असतं. पण मराठीने या शब्दाचं एक विचित्र केलंय. ईश्वरेच्छा, देवाची इच्छा, देवाज्ञा हे सगळे शब्द आपण स्मशानाच्या वाटेवर नेऊन उभे केले. 'देवाज्ञा झाली' याचा अर्थ मराठीत एकच, माणूस गेला. देवाने आयुष्यात दुसरी कसली आज्ञाच केली नसावी जणू! 'ईश्वरेच्छा बलीयसी' हे सांत्वनपत्रातलं शेवटचं वाक्य. त्यामुळे मुलाची नोकरी गेल्यावर काकू 'देवाची इच्छा' म्हणाल्या असत्या, तर तुम्हाला ते हात टेकल्यासारखं ऐकू आलं असतं. गोव्यात मात्र याच प्रार्थनेत कोंकणी माणूस देवाच्या इच्छेला 'खोशी' म्हणतो, तुजी खोशी जाऊं दे अशा अर्थाने. फारसी खुशी. आपल्याकडे 'स्वखुशीने' आणि 'राजीखुशी'त तो अर्थ अजून शिल्लक आहे. देवाला जे हवं आहे ते त्याला आवडतंही, हे त्या एका शब्दात येऊन जातं. मराठी प्रार्थनेला हे भाग्य लाभलं नाही.

आमच्या घरात 'इच्छा' स्मशानात गेली नव्हती, स्वयंपाकघरात होती. आजी पाटावर बसून लसूण सोलता सोलता दुसऱ्या दिवशीची कामं ठरवायची आणि प्रत्येक भविष्यकाळाच्या पुढे 'प्रभूची इच्छा असेल तर' लावायची. प्रभूची इच्छा असेल तर उद्या दळण आणू. प्रभूची इच्छा असेल तर गोधड्या उन्हात टाकू. आजोबा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "दळणाला कशाला प्रभूची इच्छा? गिरणीत वीज असली की झालं." आजी सोललेली पाकळी वाटीत टाकून म्हणायची, "मग तेच मागतेय ना." आजीचं 'प्रभूची इच्छा असेल तर' हे नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातलं, चौथ्या अध्यायातलं. आज किंवा उद्या अमक्या शहरी जाऊ, वर्षभर व्यापार करू, पैसा मिळवू असं छातीठोक सांगणाऱ्यांना याकोब हे म्हणायला शिकवतो. आजीने व्यापार कधी केला नाही. तिने ते दळणाला लावलं.

पण खरी मौज नामात नाही, सोबतच्या क्रियापदात आहे, आणि प्रश्नात ते विचारलेलं नसलं तरी सांगते. देवाच्या संकल्पाचं माणसाने करायचं काय? विश्वास ठेवायचा, भरवसा ठेवायचा, हे आहेच. पण नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात मराठी भाषांतराने घातलंय, अगदी मनापासून परमेश्वरावर 'भाव ठेव'. हा शब्द थेट वारकऱ्यांच्या तोंडचा. 'भावेंवीण भक्ति' नाही म्हणणाऱ्या हरिपाठाच्या भाषेतच इथलं पवित्र शास्त्र बोलतं. तसं ते पहिल्यापासूनच चालत आलंय. गोव्यातल्या फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, त्यात त्यांनी स्वर्गाला वैकुंठच म्हटलं होतं. विश्वास एखाद्या विधानावरही ठेवता येतो, बँकेवरही. भाव ठेवायला समोर कुणीतरी असावं लागतं. आणि दुसरं क्रियापद 'टाकणे'. चिंता त्याच्यावर टाका, भार त्याच्यावर टाक. डोक्यावरची मोळी दुसऱ्याच्या अंगणात धपकन टाकावी तसा हा शब्द, त्यात अदब अजिबात नाही. 'समर्पित करणे' हा त्याचा शहरी अवतार मला निम्माही पटत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' आणि हे वेगळं काय? चित्ताचं समाधान दोन्हीकडे आहे. पण नशीब, प्राक्तन, विधिलिखित हे शब्द ख्रिस्ती घरात सहसा उच्चारले जात नाहीत, त्याला कारण आहे. ललाटी लिहिलेलं एकदा लिहून झालेलं असतं, त्याच्याशी बोलता येत नाही. संकल्प कुणाच्या तरी मनात असतो, आणि त्याच्याशी भांडताही येतं. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं म्हणजे सरळ भांडणंच आहेत.

आता काकूंच्या वाक्याकडे परत. तुम्ही 'संकल्पा'वर अडलात, पण त्याच्या आजूबाजूचे दोन शब्द पाहा: 'काहीतरी' आणि 'असेल'. शास्त्रात 'संकल्प आहेत' असं ठाम आहे. काकूंनी 'आहे' म्हटलं नाही. इथला 'असेल' भविष्याचा नाही, अंदाजाचा. "तो घरी असेल" मधला. 'काहीतरी' म्हणजे काय ते मला माहीत नाही. हाच संकल्प दुसऱ्या कुणी येऊन त्यांना 'आहे' लावून ऐकवला असता, म्हणजे "देवाचा यात मोठा संकल्प आहे बरं का, काकू", तर तो आगाऊपणा झाला असता, आणि असे आगाऊ लोक प्रत्येक मंडळीत (चर्चमध्ये) दोन-चार असतातच. स्वतःच्या दुःखाविषयी स्वतः बोलताना 'असेल' शोभतं. तुम्ही परत भेटायला जाल तेव्हा संकल्पाचं काही काढू नका; मुलाच्या नव्या नोकरीचं कुठे काही जमतंय का, एवढंच विचारा.