बोटीवरची ताडपत्री एका उन्हाळ्यात फाटली, आता काय घेऊ?

प्रश्न: नमस्कार भाऊ, आमच्याकडे १२ फुटी फायबरची बोट आहे, हिवाळ्यात रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर नेतो, बाकी वर्षभर नागपुरात घराच्या अंगणात ट्रेलरवर उभी असते. मागच्या वर्षी निळी ताडपत्री टाकली, मे महिन्यात तिचे तुकडे पडले आणि जुलैत मधोमध पाणी साचून सगळी आत बसली. आता वॉटरप्रूफ घ्यायची की चांगली कॅनव्हास? आणि बांधायची कशी?
एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: भाऊ, कापडाआधी उतार बघा. पाणी वाहून गेलं नाही तर महागातलं कव्हरही टिकणार नाही. १ मीटर लांब, १ मीटर रुंद जागेत फक्त १० सेंटीमीटर पाणी साचलं तरी ते १०० लिटर होतं, म्हणजे १०० किलो वजन त्या कापडावर, मग शिलाई उसवणारच ना! म्हणून बोटीच्या मधून पुढून मागपर्यंत एक बांबू किंवा पीव्हीसी पाइप टाका, खाली दोन-तीन ठिकाणी टेकू द्या, टोकांना जुन्या सतरंजीचा तुकडा गुंडाळा, म्हणजे कव्हर झोपडीच्या छपरासारखं दोन्हीकडे उतरतं. ट्रेलरची पुढची बाजू थोडी वर उचला आणि मागचं पाण्याचं बूच काढून ठेवा, आत गेलेलं पाणी आपोआप निघून जाईल. ते बूच स्टिअरिंगलाच बांधा, नाहीतर पाण्यात उतरवताना आठवणार नाही.

कापडाचं म्हणाल तर निळी ताडपत्री काहून टिकत नाही, तर ती पातळ प्लास्टिकची विणलेली असते आणि आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण तिला ठिसूळ करतात. पीव्हीसी कोटिंगचं कापड पाणी अजिबात आत येऊ देत नाही पण आतली वाफही बाहेर जात नाही, पावसाळ्यात आतून घाम फुटल्यासारखं होतं आणि सीट बुरसटतात. माझं मत विचाराल तर जाड पॉलिएस्टर घ्या, यूव्ही ट्रीटमेंट असलेलं, फिकट रंगाचं, आणि समोर-मागे दोन जाळीच्या खिडक्या शिवून घ्या. हवा खेळणं फार गरजेचं आहे. शिवणाऱ्याला पॉलिएस्टरचाच दोरा वापरायला सांगा, सुती दोरा उन्हापावसात आधी कुजतो. कॅनव्हास श्वास घेतो हे खरं, पण सुती असला तर आपल्या पावसात ओला राहून जड होतो, बुरशी धरतो, मी एकदा ओलसर तशीच घडी करून ठेवली, दिवाळीनंतर उघडली तर सगळीकडे काळे डाग.

माप घेताना टेप पुढच्या टोकापासून मागपर्यंत सरळ ताणा, काचेवरून वळवू नका, रुंदी सगळ्यात रुंद जागी घ्या, आणि इंजिनचं वेगळं कव्हर करा.

बांधायचं म्हणजे घट्टच. मे-जूनच्या वादळात सैल कव्हर फडफडतं आणि खालची धूळ सँडपेपरसारखी फायबरची चमक घालवते, म्हणून आधी बोट धुऊन वाळवा. पट्टे बोटीच्या खालून ट्रेलरला न्या. विटा लटकवू नका, हलून फायबरला टवके पाडतात. काचेच्या कोपऱ्यांवर, हुकांवर, जिथं जिथं टोचेल तिथं जुनं टॉवेल बांधा.

आणि एक, पेट्रोलचा डबा आत ठेवून कधीच झाकू नका. उन्हात बंद कव्हरखाली पेट्रोलची वाफ साचते आणि एका ठिणगीत घात होऊ शकतो. लाइफ जॅकेटही घरात ठेवा, उंदीर कुरतडतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ऊन पडलं की कव्हर अर्धं उघडून तास-दोन तास हवा लागू द्या. अंगणात निंबाचं झाड असेल तर सावली छान मिळते पण पानं आणि निंबोळ्या कव्हरच्या घड्यांमध्ये अडकून कुजतात, त्या झाडून काढत जा.