शहराचे फोटो काढताना तारा, पाट्या, होर्डिंग एडिटिंगमध्ये काढून टाकावेत का?

अजिबात काढू नका. तुम्ही विचारलंय की मुंबईत रस्त्यावरचे फोटो काढायला सुरुवात करायची आहे, कॅमेरा-लेन्स कोणती घेऊ, फोटो ब्लॅक अँड व्हाइट करू का, आणि एका सीनियरने सांगितलं तसं तारा-होर्डिंग पुसून फ्रेम ‘क्लीन’ करू का. लेन्सचं शेवटी सांगतो. तुमचा सीनियर जे म्हणाला तेच मी एका परीक्षकाच्या तोंडून ऐकलंय, आणि ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून आधी ते.

मी डिलाईल रोडच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळीत वाढलो. वरळी, नायगाव, शिवडी आणि आमच्याकडच्या मिळून या २०७ चाळी, १९२०च्या दशकात बांधलेल्या. खोली १६० चौरस फुटांची, त्यामुळे निम्मा संसार पॅसेजमध्ये. ऑगस्ट २००९ मध्ये मी आमच्या तळमजल्याच्या पॅसेजचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना खोल्यांची दारं, उजेड फक्त टोकाकडून. भिंतीलगत निळी पिंपं, त्यांच्यावर ऑइलपेंटने खोलीनंबर. वर मीटरची फळी आणि केबलवाल्याच्या वायरींचं जंजाळ. भिंतीला टेकवलेला कॅरमबोर्ड, त्याच्या शेजारी पाटावर वह्या ठेवून अभ्यास करणारी दोन पोरं. आणि डाव्या हाताला मंडळाचा फळा. त्यावर खडूने: ‘रविवारी सकाळी १० वाजता सर्व भाडेकरूंची सभा. विषय: गणेशोत्सव वर्गणी. वेळेवर हजर राहावे.’

तो फोटो मी एका कॅमेरा क्लबच्या मासिक स्पर्धेला दिला. परीक्षक म्हणाले, फार गिचमिड आहे, नजर ठरत नाही. वायरी आणि तो फळा काढा, ब्लॅक अँड व्हाइट करा आणि टोकाच्या उजेडात एखादा म्हातारा बसवा. मी म्हटलं, तिथे म्हातारा नव्हता, पोरं होती. त्यावर ते म्हणाले, “फोटो म्हणजे पंचनामा नव्हे.” सगळे हसले. मी तिथेच सांगितलं की शहराचा फोटो आधी पंचनामाच असतो, सौंदर्य त्यानंतर. आज पुन्हा तेच सांगतोय.

त्यांना मी ग्लासगोचं उदाहरण दिलं होतं. तिथे थॉमस अ‍ॅनन या फोटोग्राफरला १८६८ साली जुन्या, दाटीवाटीच्या गल्ल्यांचे फोटो काढायचं काम मिळालं, कारण शहर सुधारणेसाठी त्या पाडायच्या होत्या. त्याच्या फोटोंत डोक्यावर वाळत घातलेले कपडे आहेत, ओली फरशी आहे. त्याने ते कपडे ‘गिचमिड’ म्हणून काढायला लावले असते तर आज त्या गल्ल्यांत माणसं राहत होती याचा पुरावा काय उरला असता? पॅरिसमध्ये अत्जे या फोटोग्राफरने अशीच वर्षानुवर्षं दुकानांची दर्शनी बाजू, पाट्या, जिने टिपले. लोक आज ते फोटो बघतात ते त्या पाट्यांसाठीच.

आता आमच्या चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचं घर. चांगलंच आहे, मला त्याबद्दल हळहळ वाटत नाही. संडाससाठी रांग लावलेल्या कुणालाही वाटणार नाही. पण खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या तसा मी तो फोटो चाळीच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवस नुसती चर्चा: पिंप कुणाचं, कॅरमबोर्ड नेला कुणी, अभ्यास करणारी पोरं कोण. मग डोंबिवलीला दिलेल्या एका ताईंचा फोन आला. त्यांचे वडील मिलमध्ये होते, १९८२च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. पुढे कित्येक वर्षं ते मंडळाचे चिटणीस होते आणि फळा तेच लिहायचे. ताई म्हणाल्या, “दादा, मला फक्त फळा मोठा करून दे. ‘हजर’मधला ‘ह’ बघ, असा ‘ह’ आमच्या बाबांचाच. घरात त्यांच्या सह्या आहेत रे, अक्षर कुठेच नाही.”

मी मूळ फाइलवरून तेवढाच भाग छापून दिला. उजेड कमी होता, दाणे दिसतात, कडा हललेली आहे. त्यांनी फ्रेम करून लावलाय.

वायरींचंही तेच. मुंबई शहरात विजेच्या तारा जमिनीखालून जातात, डोक्यावर लोंबतात त्या केबल आणि इंटरनेटवाल्यांच्या. म्हणजे ती गुंतवळ दिसली की फोटो केबल टीव्ही आल्यानंतरचा, साधारण नव्वदच्या दशकातला किंवा त्यानंतरचा. होर्डिंग हाताने रंगवलेलं आहे की फ्लेक्सचं, यावरूनही काळ कळतो. हे सगळं पुसल्यावर जे उरतं ते कुठल्याही शहरातल्या कुठल्याही गल्लीचं चित्र.

ब्लॅक अँड व्हाइट? सवय म्हणून करू नका. काळी-पिवळी पद्मिनी आणि बेस्टची जुनी लाल डबलडेकर, दोन्ही २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. तो पिवळा आणि तो लाल राखाडी करून तुम्ही काय मिळवणार? गिरणगावात तर गिरणीच्या करड्या चिमणीचे फोटो ढिगाने आहेत. खानावळीचे दरफलक, मिलच्या गेटवरच्या पाट्या फारशा कुणी टिपल्या नाहीत.

लेन्स: २८ किंवा ३५ मिमी, कॅमेरा असेल तो. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) २८ ला अ‍ॅपर्चर एफ ८ ठेवून फोकस साधारण सव्वातीन मीटरवर लावला की दीड-पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं, पाट्यांसकट. फोनही चालतो. सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उजेडाची वाट बघत बसू नका, शहर दुपारी बाराला काम करत असतं. आणि प्रत्येक फोटोसोबत जागा आणि तारीख लिहा. गल्लीचं नाव, इमारतीचा नंबर, सगळं. याचा मला लेन्सपेक्षा जास्त आग्रह आहे.

एक राहिलं. सेन्सरवरची धूळ काढणं, तिरकी फ्रेम सरळ करणं, सावल्या थोड्या उघडणं याला माझी ना नाही. जाहिरातीचं काम असेल तर गिऱ्हाईक सांगेल ते करा, फक्त मूळ फाइल जपून ठेवा. ‘सगळं दाखवा’ म्हणजे कुणाच्या दारात डोकवा असंही नाही. खोलीच्या आत विचारल्याशिवाय नको, नळावर आंघोळ करणाऱ्याचा नको. गोदी किंवा रेल्वेच्या हद्दीत आधी परवानगी बघा. स्पर्धेत नंबर हवाच असेल तर साफ केलेली प्रत पाठवा, तो तुमचा प्रश्न. पण परीक्षकाने फळा पुसायला सांगितला, तर त्यावर काय लिहिलंय ते त्यांना आधी मोठ्याने वाचायला लावा.