मुंबईत दर आठवड्याला फिगर ड्रॉइंगचा गट चालवायचा असेल, तर काय काय लागतं?

तुम्ही लिहिलंय की दादर-माटुंग्याच्या आसपास दहा-बारा चित्रकार तयार आहेत, काही व्यावसायिक, काही हौशी. दर रविवारी मॉडेल बसवून रेखाटन करायचंय, पण जागा, मॉडेल, पैसे आणि नियम यांचं गणित जुळत नाहीये.

बहुतेक जण जागेपासून सुरुवात करतात. मी म्हणेन, मॉडेलपासून करा. अडीच तास एका जागी थांबणं हे कसबाचं काम आहे, आणि ते करणाऱ्या माणसाला पैसे वेळेवर मिळाले, कपडे बदलायला कडीची खोली मिळाली, मध्ये नीट विश्रांती मिळाली, तर तो माणूस पुन्हा येतो आणि आणखी चौघांना तुमच्याबद्दल सांगतो. यातलं एक जरी बिघडलं तरी चौथ्या रविवारी तुम्ही एकमेकांचीच चित्रं काढत बसाल. बाकीच्या सगळ्या गोष्टी त्या माणसाभोवती रचायच्या.

कला महाविद्यालयांत वर्षानुवर्षं बसणारे मॉडेल असतात. तिथल्या शिक्षकांमार्फत विचारणा केली तर ते बाहेरच्या गटासाठीही येऊ शकतात, आणि त्यांच्यासारखी स्थिर पोज दुसरं कोणी देत नाही. त्याखेरीज कथक किंवा लावणी करणारे, मल्लखांब खेळणारे, प्रायोगिक नाटकातली मुलंमुली यांना विचारा. मल्लखांबवाल्यांच्या एक मिनिटाच्या पोज बघण्यासारख्या असतात. खांद्याचे आणि पाठीचे स्नायू इतके स्पष्ट क्वचितच दिसतात. नर्तकांना मात्र आधीच सांगावं लागतं, कारण ते सवयीने देखणी पण टिकवता न येणारी मुद्रा निवडतात आणि सातव्या मिनिटाला हात थरथरायला लागतो. वयस्कर मॉडेल जरूर बोलवा. सैलावलेली त्वचा, वाकलेली पाठ, गुडघ्याची हाडं यातून जे शिकायला मिळतं ते तरुण देहातून मिळत नाही.

कपड्यांसह की कपड्यांविना, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. माझं मत: पहिले सहा महिने कपड्यांसहच करा. गट एकमेकांना ओळखीचा होऊ दे, शिस्त अंगवळणी पडू दे. सायकलिंग शॉर्ट्स आणि अंगाबरोबर बसणारा बनियन यांवरही सांधे, वजन, वळण सगळं दिसतं. नऊवारी तर फार चांगली. काष्टा मागे खोचलेला असतो, त्यामुळे दोन्ही पाय सुटे दिसतात आणि वाकवलेल्या गुडघ्यावर कापड जिथे ताणलं जातं तिथून चुण्या पंख्याच्या काड्यांसारख्या कमरेकडे फाकत जातात. चुणीचं मूळ कुठे आहे ते शोधलं की आतला देह आपोआप सापडतो. कडक खळीचं सुती लुगडं मात्र टाळा, ते अंगापासून फुगून उभं राहतं. मऊ, वापरलेलं सुती उत्तम.

नग्न मॉडेलवरून रेखाटन मुंबईला नवं नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख होते तेव्हा लाइफ क्लासला, म्हणजे जिवंत मॉडेलवरून रेखाटनाच्या वर्गाला, जोर आला, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. ऑक्टोबर 2024 मध्ये कस्टम्सने जप्त केलेल्या, एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी या चित्रकारांच्या चित्रांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानेही स्पष्ट सांगितलं की प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं. पण तो निकाल चित्रांबद्दलचा आहे, सोसायटीच्या हॉलबद्दलचा नाही. म्हणून तो टप्पा आला तर मॉडेल आणि उपस्थित सगळे अठरा वर्षांपुढचेच हवेत आणि मॉडेलचं ओळखपत्र पाहिलेलं हवं. काय करायचं आणि काय नाही हे त्यांच्या भाषेत लिहून, वाचून दाखवून सही घ्या. जागा देणाऱ्यालाही नेमकं काय होणार आहे ते लेखी कळवा. ‘चित्रकलेचा वर्ग’ एवढंच सांगून हॉल घेतला आणि मग कोणी दार उघडलं, तर त्याची किंमत मॉडेल मोजतं. आणि पडदे! आपल्याकडे समोरच्या इमारतीची गॅलरी वीस फुटांवर असते. हॉल बघायला जाल तेव्हा आतून खिडकीबाहेर बघा, मग समोरून आत काय दिसतं तेही बघून या.

रविवारी सकाळी साडेआठ ते अकरा ही वेळ मुंबईत सगळ्यात सोयीची. रेल्वेचा मेगाब्लॉक बहुतेक वेळा दहा-अकराच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे निदान येताना तरी कोणी अडकत नाही. जागा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत हवी. बोर्ड, कागद आणि इझल (चित्राची घोडी) घेऊन लोकलमधून उतरणाऱ्याला टॅक्सीचा खर्च परवडत नाही. गणपती, नवरात्र आणि दिवाळीत सोसायट्यांचे हॉल आधीच गेलेले असतात, म्हणून त्या रविवारांची पर्यायी जागा जूनमध्येच ठरवून ठेवा.

अडीच तासांची वाटणी मी अशी करतो. एक मिनिटाच्या दहा पोज, दोन मिनिटांच्या पाच, पाच मिनिटांच्या चार. हे सगळं बदलायच्या वेळेसकट पाऊण तासात बसतं. मग दहा मिनिटं विश्रांती. दहा मिनिटांच्या दोन पोज, पाच मिनिटं थांबणं, आणि पंधरा मिनिटं चहा. शेवटी एकच लांब पोज, वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत, मध्ये पाच मिनिटं मोकळी. उरलेल्या दहा मिनिटांत ज्यांना हवं त्यांनी चित्रं जमिनीवर मांडायची. हौशी लोक लवकरच म्हणतील की छोट्या पोज कमी करा, चित्र पुरं होत नाही. ऐकू नका. एका मिनिटात डोळा बारकाव्यांत अडकत नाही, वजन कुठल्या पायावर आहे तेच आधी बघावं लागतं, आणि पुढच्या वीस मिनिटांच्या चित्रात जान येते ती तिथूनच.

पोज ठरवताना शरीराचं साधं शास्त्र लक्षात ठेवा. हात डोक्यावर उचललेला असेल तर दोन-तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. मनगटावर भार असेल तर पाच. मांडी घालून बसलं की पंधरा मिनिटांत पायाला मुंग्या येतात, म्हणून एक पाय मोकळा सोडायला सांगा. गुडघ्यावर बसायचं तर खाली जाड उशी हवीच. सगळ्यात धोक्याची असते ती साधी दिसणारी उभी पोज: गुडघे मागे ताणून घट्ट धरले की पायातलं रक्त वर नीट चढत नाही आणि माणूस चक्कर येऊन कोसळतो. उभं राहताना गुडघे किंचित सैल, आणि सकाळी काहीतरी खाऊन येण्याची आठवण आदल्या रात्रीच करा. चेहरा फिका पडला, कपाळावर घाम आला, तर घड्याळ बघू नका. लगेच बसवा, पाणी द्या.

उभ्या पोजमध्ये त्रिभंग, म्हणजे एका पायावर भार देऊन देहाला बाक देणारी पोज, सगळ्यात जास्त टिकतो आणि सगळ्यात जास्त शिकवतो. भार असलेल्या पायाकडची कंबर वर चढते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो, आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा (सरळ खाली जाणारी काल्पनिक रेघ) त्या पायाच्या घोट्यापाशी येतो. नव्या माणसाचं चित्र ‘पडतंय’ असं वाटतं तेव्हा दहातल्या नऊ वेळा हा ओळंबा चुकलेला असतो.

लांब पोजमध्ये विश्रांतीला उठण्याआधी मास्किंग टेपने खुणा करा: दोन्ही टाचा, अंगठ्यांची टोकं, टेकलेला हात, बैठकीची कड. तरीही परतल्यावर मान हमखास वेगळी बसते. त्यासाठी मॉडेललाच नजरेची खूण द्यायची, उदाहरणार्थ खिडकीच्या तिसऱ्या गजाचं टोक. पहिल्या तीन-चार मिनिटांत पोज थोडी खाली बसतेच. खांदा उतरतो, कंबर स्थिरावते. हे मॉडेलचं चुकणं नाही. चित्रकारांनी त्या मिनिटांत हलक्या हाताने मांडणी करावी आणि पक्की रेघ नंतर टाकावी.

चौथरा चार बाय सहा फुटांचा, फूटभर उंच. मंडप डेकोरेटरकडे लाकडी पेट्या भाड्याने मिळतात. घडीचं टेबल कधीही वापरू नका, भार एका कडेला गेला की ते उलटतं. बारा जणांना साधारण साडेतीनशे चौरस फूट लागतात, तेही तीन रांगा केल्या तर: पहिली रांग सतरंजीवर, बोर्ड मांडीवर, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी इझलशी उभी. मॉडेलपासून आठ फुटांच्या आत बसलं तर पूर्ण देह एका नजरेत मावत नाही आणि चित्रात पाय छोटे पडतात. जागा दर पोजच्या गटानंतर एक-एक सरकवा, नाहीतर लवकर येणारे तेच तीन जण कायम समोरची जागा अडवतात आणि बाकीचे वर्षभर पाठच काढतात.

प्रकाश एकाच बाजूने. ट्यूबलाइट सगळ्या बंद, कारण सगळीकडून सारखा उजेड आला की छाया मरते आणि देह पुठ्ठ्यासारखा दिसतो. लोहार चाळीतून वीस वॅटचा वॉर्म एलईडी आणि एक स्टँड आणा, दिवा सात-आठ फूट उंचीवर, मॉडेलच्या पुढून एका बाजूला, तिरका खाली. अंधाऱ्या बाजूला पांढरा थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावलीतही आकार दिसतो. उत्तरेच्या खिडकीचा उजेड सगळ्यात शांत. फक्त मे ते जुलैमध्ये मुंबईत भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो, तेव्हा ऊन आत शिरतं का ते बघून ठेवा.

एसी असेल तर सव्वीस-सत्तावीसवर. तुम्ही हात हलवत असता, मॉडेल हलत नसतं, त्यामुळे तुम्हाला बरं वाटणारा गारवा त्यांना कापरं भरवतो. पंख्याचा झोत थेट अंगावर नको, आणि कागदाला चार क्लिपा लावा.

पैशांचा हिशेब समजावा म्हणून आकडे धरतो, तुमच्या भागातले दर वेगळे असतील. हॉल 1500, मॉडेल 2000, चहा-टेप वगैरे 300, म्हणजे एका रविवारी 3800. बारा जण 350 देतात, 4200 जमतात, 400 उरतात. आठच आले तर 2800 जमून हजाराचा खड्डा पडतो, आणि पावसाळ्यात आठच येतात. म्हणून दारात पैसे घेऊ नका. चार रविवारांचे 1400 आधी यूपीआयने, न आल्यास परत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं की कोणाला वाईट वाटत नाही. तिसऱ्या महिन्यात सांगितलं तर भांडण होतं. उरलेले 400 वेगळ्या हिशेबात ठेवा, दोन-अडीच भरलेले रविवार एका रिकाम्या रविवारला तारतात. मॉडेलला ठरलेली रक्कम कितीही जण आले तरी पूर्ण, आणि निघण्याआधी हातात. आदल्या दिवशी तुम्ही रद्द केलंत तर निम्मी द्या.

मॉडेलशी पोजबद्दल बोलणारा माणूस एकच असावा. अंगाला हात लावून पोज सुधारायची नाही, शब्दांनीच सांगायची किंवा स्वतः करून दाखवायची. देहाबद्दल शेरा नाही, कौतुकाचाही नाही. फोन पिशवीत, आणि फोटोची बंदी विश्रांतीतही लागू. स्वतःचं चित्र कुठे टाकायचं असेल आणि त्यात चेहरा ओळखू येत असेल, तर मॉडेलची परवानगी घेऊनच. पहिल्यांदा नियम मोडणाऱ्याला बाजूला घेऊन सांगा. फोटोच्या बाबतीत मात्र पहिल्यांदाच बाहेर, मग तो कितीही चांगला चित्रकार असो.

छोट्या पोजसाठी न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कोरा कागद, पुरतो. अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक घेतलात तर सगळ्यांना स्वस्त पडतो. एका माणसाला एका सकाळी पंचवीसेक कागद लागतात. हा कागद वर्षभरात पिवळा पडतो, पण ती चित्रं जपायची नसतातच. लांब पोजला कार्ट्रिज, म्हणजे जाड ड्रॉइंग पेपर. पावसाळ्यात कार्ट्रिज दमट होऊन लाटांसारखा फुगतो आणि चारकोल (रेखाटनाचा कोळसा) त्यावर नीट धरत नाही. कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद आणावा आणि लागेल तसा एकेक काढावा. फिक्सेटिव्ह (चारकोल पुसू नये म्हणून मारायचा फवारा) हॉलमध्ये फवारू नका, वासाने डोकं धरतं आणि दमट हवेत त्याचा पांढुरका थर बसतो. इझलखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा. चारकोल सांडलाच तर आधी कोरडा झाडून घ्या, ओलं फडकं नंतर. पहिल्याच झटक्यात ओलं फिरवलं तर काळा डाग लादीच्या सांध्यात बसतो, आणि पुढच्या रविवारी हॉलची किल्ली मिळत नाही.

मॉडेल ऐनवेळी आलंच नाही तर सकाळ वाया घालवू नका. सदस्यांनी पाळीपाळीने पाच-पाच मिनिटं बसायचं, नंतर तासभर फक्त हात आणि पावलं काढायची. ज्याने एकदा स्वतः पाच मिनिटं हात वर धरून बघितलाय, तो पुढच्या वेळी मॉडेलला ‘अजून दोनच मिनिटं’ म्हणत नाही.