भरती येते, निघते आणि होते

पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या भाच्यानं विचारलंय, "मामा, समुद्राची भरती अन् आमची भरती एकच का? आणि दवाखान्यात 'भरती केलं' म्हणतात, ते बरोबर आहे का?"

शब्द एकच. मूळ 'भरणे'. खाडीत पाणी भरतं, खात्यात रिकाम्या जागा भरतात. जाहिरात 'रिक्त पदे' म्हणते ते त्यामुळंच. भरतीत मोजदाद जागांची होते. माणूस नावानिशी येतो तो नेमणुकीत किंवा नियुक्तीत. म्हणून 'कुलगुरूंची भरती' ऐकायलाही विचित्र वाटतं.

क्रियापदं मात्र जागा सोडत नाहीत. समुद्राला भरती येते, सरकारची निघते, आणि पोरगा भरतीला जातो किंवा भरती होतो. या शेवटच्या दोहोंच्या मधे १६०० मीटर धावणं, गोळाफेक आणि लेखी परीक्षा आहे, हे भाच्याला मी सांगायला नको.

माझा आवडता शब्द खोगीरभरती. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं जीन. ते फुगावं म्हणून आत हाताला येईल ते कोंबायचं. त्यावरून नुसती संख्या वाढवणारी निरुपयोगी माणसं किंवा मजकूर. २०१९च्या विधानसभा निवडणुकीआधी पक्षांतरांना 'मेगाभरती' म्हणत, तेव्हा मला हटकून हे खोगीरच आठवायचं. इंग्रजी रिक्रूटच्या मुळाशी 'पुन्हा वाढणं' आहे, म्हणजे तिथं शेत पुन्हा उगवतं, आपल्याकडं पोतं भरतं. पोतं जास्त खरं वाटतं मला.

गंमत अशी की गिरण्यांच्या सोलापुरात जुनी माणसं कामगारांबद्दल हा शब्द फारसा वापरत नसत. "मिलमध्ये लागला" म्हणत. कायम नसलेला तो बदली. सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर त्याच्या सांच्यावर, म्हणजे मागावर, जायचं. रिकामी जागा अक्षरशः रोज भरली जायची, पण तिला नाव बदली! आज बदली म्हटलं की सरकारी नोकराच्या पोटात गोळा येतो, तो वेगळ्या कारणानं.

आता दवाखाना. 'रुग्णालयात भरती केले' ही हिंदीची सवय. मराठीत रुग्णाला दाखल करतात. बातमीत तेवढं लिहावं. घरी फोन करताना मात्र आपण सगळे "ॲडमिट केलंय" असंच सांगतो, आणि त्या वेळी कुणी शब्द तपासत बसत नाही.