पहिली आरव्ही ट्रिप? एल्कहार्टला जा

शिकागोहून पहिल्यांदाच आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, काढतोयस ना, मग यलोस्टोन नॅशनल पार्क राहू दे. इंडियानातलं एल्कहार्ट गाठ, जेमतेम दोन तासांवर. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही याच भागात बनतात, त्यामुळे एखादा पार्ट मोडलाच तर माहेरीच मोडला म्हणायचं! आरव्हीचं संग्रहालयही आहे तिथे.

जाताना घड्याळ एक तास पुढे जातं. कॅम्पग्राउंडचं चेक-इन त्या हिशेबाने धर, अंधारात रिव्हर्स घ्यायची वेळ आणू नकोस.

मुक्काम मंगळवार-बुधवारी ठेव. मे ते सप्टेंबर या दोन दिवशी जवळच्या शिपशेवाना गावाचा मोठा बाजार भरतो. रविवारी मात्र आमिश लोकांची (जुन्या वळणाचा ख्रिश्चन पंथ) दुकानं बंद. रस्त्यावर त्यांच्या घोडागाड्या असतात. चढावर ओव्हरटेक अजिबात नको.

कॅम्पग्राउंडवर तीस अँपिअरच्या वीजजोडणीची जागा असेल तर एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावू नकोस. आमची पहिली रात्र पोह्यांपायी अंधारात गेली, एसी, मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक किटली एकदमच लावलेली. आणि टाकी रिकामी करताना आधी संडासाची, मग सिंकची. म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे विसरू नकोस.