मेक्सिको सिटीत उतरल्यावर...

प्रश्न: ताई, लेक कंपनीच्या कामासाठी मेक्सिको सिटीला चाललीये, स्पॅनिश जेमतेमच येतं. तुम्ही तिकडे राहून आलायत, सुरुवातीला कसं वाटतं हो? – एक आई, नाशिक

उत्तर: अहो, आधी तर दम लागतो! शहर २,२४० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही कितीतरी वर, त्यामुळे जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका म्हणावं, पाणी पीत राहायचं आणि पहिले एक-दोन दिवस उगाच धावपळ करायची नाही. भाषेचं टेन्शन मेट्रोत तरी नको, तिथे प्रत्येक स्टेशनला नावासोबत एक चित्र असतं, चापुल्तेपेकला टोळ, तेवढं लक्षात ठेवलं की झालं, शिवाय पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव. जेवण मात्र दोन-तीनच्या पुढे, बारा वाजता पोटात कावळे ओरडतात त्याचं काय करायचं ते तिनेच ठरवावं! आणि गल्लीतून एका लहान मुलीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग वाजत जातं, गाद्या, फ्रिज, जुनं लोखंड विकत घेतो म्हणून, अगदी आपला भंगारवालाच (मला तर तिथे बरंच घरच्यासारखं वाटलं). सोकालो चौकातलं कॅथेड्रल जरा कललेलं दिसेल, शहर जुन्या तळ्याच्या गाळावर बांधलंय ना, खचतंय. तो गाळ भूकंपात जास्त हलतो, १९८५ ला मोठा हाहाकार झाला होता. म्हणून ऑफिसात गेल्या गेल्या भूकंपाचा भोंगा वाजला की कुठून बाहेर पडायचं, ते आधी विचारून घ्यायला सांगा.